तासाभराचं मावळ

आमच्याकडं कोणी पुण्या-मुंबईकडं जाऊन आलं की पारावर त्याला बसवून विचारतात, काय काय पाहिलं, काय खाल्लं. मी इतके दिवस मावळात राहून आलो, पण मला तसं कोणी विचारलंच नाही. चक्कीवर दळण ठेवतात, आवाज बारीक करतात, "वहिनी कशी हाय?" म्हणतात आणि निघून जातात. दवाखान्यात गेलेला माणूस प्रवासाला गेला होता असं कोणी धरत नाही. पण मी डोंगर पाहिले, खोल दरी पाहिली, हाताला चिकटणारा भात खाल्ला, परक्या घरात घरच्यासारखा राहिलो. ते सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहितो. माझी शाळा पाचवीत सुटली. शब्द इकडचा तिकडं झाला तर सांभाळून घ्या.

मी किसन. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात माझी पिठाची चक्की आहे. बायको सुभद्रा. तिच्या गळ्यात आणि काखेत गाठी आल्या, आणि तो एका प्रकारचा कॅन्सर निघाला. केमो झाला, गाठी गेल्या, परत आल्या. दुसऱ्यांदा झाला, तरी परत आल्या. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तळेगावच्या बाजूला एका दवाखान्यात नव्या उपचाराचा अभ्यास चालू आहे, तिथं हिला घेतात का विचारतो. त्यांनी घेतलं. मी रेल्वेत बसेपर्यंत देवाचे आभार मानत होतो आणि रेल्वे सुटल्यापासून घाबरत होतो.

तळेगाव

तिथल्या डॉक्टर मॅडम केरळच्या, मराठी पुण्यात शिकलेल्या. सावकाश बोलायच्या आणि आपल्याला कळलं की नाही ते तोंडाकडं बघून ओळखायच्या. त्यांनी खुर्ची हिच्या खाटेजवळ ओढली आणि समजावलं. आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. पण हा कॅन्सर घरातलाच माणूस होऊन बसलेला, त्यांना तो ओळखू येत नाही. म्हणून हिच्या त्या पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा म्हणजे त्यांना तो ओळखू येईल, मग त्या वाढवून हिच्याच अंगात परत सोडायच्या.

हिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे तुमी त्याइले शाळेत घालता?"

"हो. तसंच."

"बरं झालं बाप्पा. आमच्या घरात कोणीतरी शिकन."

मॅडम हसल्या, मग हसू आवरून माझ्याकडं वळल्या. शिकून आलेल्या या पेशी भांडायला लागल्या की अंगात ताप भरतो, आणि कधी कधी त्याचा त्रास मेंदूला होतो. माणूस बरळतो, शब्द सापडत नाहीत, हात कापतो, झटकेही येतात. लवकर कळलं तर औषधानं आवरता येतं. उशीर झाला तर अवघड. म्हणून दवाखान्यातून सोडल्यावरही काही आठवडे जवळ राहायचं, तासाभरात परत येता येईल एवढ्याच अंतरात. "आम्ही तपासूच. पण तिच्या सवयी तुम्हाला माहीत आहेत, आम्हाला नाहीत. काहीही वेगळं वाटलं तर या. वेडेपणा वाटला तरी या."

हे मला सांगायची गरज नव्हती. चक्कीचा पट्टा जरा वेगळा वाजला तरी मोटार बंद करून खाली वाकून बघणारा माणूस मी. त्या दिवसापासून मी हिच्याकडं तसा बघायला लागलो. ती म्हणायची, "असे टकमक काय पाहून राह्यले? नवरी हाय का मी?"

पेशी काही आठवड्यांनी शिकून आल्या. ज्या भांड्यातून त्या आणल्या त्याचं झाकण उघडलं तर आतून थंड वाफ, आणि त्यातून एक लहानशी पिशवी. एवढीशीच. ती हिच्या नळीला लावली तसा खोलीत लसणासारखा वास सुटला. हिनं डोळे मिटूनच विचारलं, "लसूण कोण सोलून राह्यलं?" सिस्टर म्हणाल्या, पेशी गोठवताना घातलेल्या औषधाचा तो वास.

आणि मग तो घोटाळा झाला. संध्याकाळी हिला ताप होता. मी गरम पाणी आणायला गेलेलो. परत येतो तर खाटेभोवती गर्दी, मॅडम फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत भराभर बोलतायत. माझ्या हातातलं पाणी तिथंच सांडलं. झालं असं होतं की मॅडमनी रोजच्यासारखं विचारलं, गाव कुठलं, महिना कोणता, हे काय, पेन, ते काय, घड्याळ. सगळं बरोबर. मग विचारलं, "तुमच्या मिस्टरांचं नाव काय?" ही गप्प. परत विचारलं. हिनं मान खाली घातली. तिसऱ्यांदा विचारलं तर तोंडावर पदर घेतला. मॅडमना वाटलं, झाली सुरुवात.

मी म्हणालो, "मॅडम, ती नाव घेत नाही."

"म्हणजे आठवत नाही?"

"आठवते हो. घेत नाही. लग्न झाल्यापासून नाही घेतलं."

जवळच्याच सुदुंबरे गावच्या एक सिस्टर होत्या, त्या एवढ्या हसल्या की भिंतीला टेकल्या. "मॅडम, माझी आई पण न्हाई घेत. आमच्या पप्पांना ती 'अहो' म्हणती, न्हाईतर खोकती नुसती."

वाचणाऱ्यांमध्ये शहरातली मंडळी असतील, त्यांना सांगतो. आमची पिढी तशीच. माझ्या घरी हाक मारायची म्हणजे नाव लागतं, म्हणून जेवायची वेळ झाली की ही मागच्या दारी येऊन पत्र्यावर उलथनं वाजवते. चक्कीच्या आवाजातही ते मला ऐकू येतं. मला मात्र कायम वाटायचं, एकदा तरी हिनं नुसतं, साधं, हाक मारल्यासारखं नाव घ्यावं. तसं बोलूनही दाखवलं होतं. ती म्हणायची, "तुमचं आयुष्य कमी करू का मी?"

मॅडम फोन ठेवून म्हणाल्या, "मग मी विचारू काय?"

"उखाणा घ्यायला लावा," सिस्टर म्हणाल्या. "उखाण्यात चालतं."

मॅडमना उखाणा म्हणजे काय ते आधी समजावावं लागलं. मग तापानं लाल झालेली ही उशीला टेकून बसली, घसा साफ केला आणि म्हणाली:

"पिशवीतल्या पेशी आल्या शाळा शिकून,
किसनरावांचं नाव घेते मॅडमचा मान राखून."

शेजारच्या खाटांवरूनसुद्धा टाळ्या पडल्या. तेव्हापासून हिच्या तपासणीत रोज एक उखाणा आला. मॅडम म्हणाल्या, आठवायचं, जुळवायचं आणि बोलायचं, तिन्ही एकदम होतं, याहून चांगली परीक्षा कुठली!

आंबी

ताप उतरला, दवाखान्यातून सोडलं, पण गावी जायचं नाही. तासाभराच्या अंतरात राहायचं. सिस्टरांनी ओळखीनं जवळच्याच आंबी गावात एक खोली बघून दिली. मालक रशीदभाऊ. त्यांची व्हॅन आहे, कंपनीत कामगार पोचवायला आणि आणायला. घरात ते आणि जुलेखाभाभी, दोघंच. मुलगी लग्न होऊन गेलेली.

आम्ही पोचलो तर भाभींनी खोली फिनेलनं पुसून, गादीची खोळ उकळून ठेवलेली. जंतू लागू नयेत म्हणून हिच्याजवळ फुलं, कुंड्या, माती काही नको, असं दवाखान्यानं सांगितलं होतं. दाराशी भाभींच्या हातच्या मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. त्या त्यांनी न सांगता घरामागं नेऊन ठेवल्या. मला कळलं ते दारापाशी गोल डाग दिसले तेव्हा.

रोजे चालू होते. भाभी पाण्याचा थेंब न घेता दुपारी आमच्यासाठी ताजं, वाफाळतं रांधायच्या, कारण हिला शिळं आणि कच्चं बंद. कढईतून चमच्यावर आमटी घेऊन मला हाक मारायच्या, "भाऊ, मीठ बघा. मला चाखता येत न्हाई." सगळा रमझान त्या घराचं मीठ मी पाहिलं. असला मान मला कोणी दिला नव्हता.

आमची माणसं ज्वारीची. तिकडं भात. इंद्रायणी तांदळाचा भात, वास असा की पोट भरलेलं असलं तरी ताटावर बसावं, पण चिकट. ही बोटं चाटून म्हणायची, "हा भात हात सोडत नाही, पाहुण्यावाणी." तांदळाची भाकरी तिला फार आवडली. पांढरी भाकरी तिनं हातावर घेतली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "हिला तर पावडर लावली!" कच्चा कांदा मात्र मिळत नव्हता. कांद्यावाचून जेवताना हिनं जे तोंड केलं तसं केमोतही केलं नव्हतं.

दोघींचं जमलं ते एका गोष्टीवर. भाभी रशीदभाऊंना "सलमाचे अब्बा" म्हणतात, नाव घेत नाहीत. हिनं दवाखान्यातली गंमत सांगितली. भाभी म्हणाल्या, "बाई गं, मला विचारलं असतं तर मला तर उखाणा बी येत न्हाई. मला थेट मशिनीतच घातलं असतं!"

तिकडं उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात. पालापाचोळा, शेण पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. शेजारच्या वावरात एक आबा राब पेटवायला आलेले. धूर आमच्या खोलीकडं येणार म्हणून माझा जीव वर-खाली. दुसऱ्याच्या गावात दुसऱ्याच्या शेताला नको कसं म्हणायचं? मी रशीदभाऊंना हळूच सांगितलं. ते कुंपणावरून ओरडले, "आबा, आमच्याकडं पेशंट बाई हाय! वारा फिरू द्या!"

आबांनी काडीपेटी खिशात टाकली. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? पेटवीन परवा. ढीग काय पळून जातोय?"

परवा वारा फिरला नाही. आबांनी त्यानंतरही थांबून पेटवलं.

लोणावळा

दिवस बरे जात होते. उखाणे आता फोनवर जायचे. गाठी हाताला लागत नव्हत्या, पण हात लावायला मी भीत होतो. हिला एक इच्छा होती, दरी बघायची. आमच्याकडं सगळं सपाट. पाणी सांडलं तर ते कुठल्या बाजूला जाईल याचाच त्याला विचार पडतो. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, सुट्टीचा दिवस नको, गर्दीत उतरायचं नाही, मास्क ठेवायचा, आणि तासाभराचं अंतर विसरायचं नाही.

रशीदभाऊंनी व्हॅन साबणानं धुतली, मागच्या सीटवर धुतलेली चादर घातली. कामशेत गेलं, कार्ला गेलं. डोंगर दोन्हीकडून पुढं येत गेले. झाडी सुकलेली, कडे उघडे. ही म्हणाली, "लोणावळा पाण्याचं म्हणतात ना? पाणी कुठं हाय?" रशीदभाऊ म्हणाले, "वहिनी, आत्ता डोंगर कपडे बदलून ऱ्हायलाय. पावसात परत या." मी मनात म्हटलं, येऊ. हिला घेऊनच येऊ.

चिक्कीच्या दुकानांची रांग लागली. मी उतरून गुळाच्या चिक्कीचं पाकीट घेतलं. दुकानदारानं चव घ्या म्हणून तुकडा पुढं केला, मी दवाखान्याच्या सवयीनं हात मागं घेतले. मग पुढं, घाट दिसतो अशा जागी रशीदभाऊंनी गाडी कडेला लावली. खाली सगळी जमीन एकदम तुटलेली. आगगाडीचा आवाज यायचा, गाडी दिसायची नाही, मग डोंगराच्या पोटातून बाहेर पडून परत आत. हिनं काच खाली केली. खूप वेळ बघत राहिली. म्हणाली, "एवढी जमीन खाली पडली, आन कोणी उचलली नाही?"

आम्ही हसलो. मी बाटली पुढं केली. ती दरीकडं बघत होती. मान न वळवता म्हणाली,

"किसन, झाकण उघडून दे."

रशीदभाऊ आरशातून बघत ओरडले, "वहिनी! आज घेतलं की नाव! भाऊ, पार्टी!"

आणि मी खरं सांगतो, मला आनंद झाला. कानापासून गळ्यापर्यंत गरम झालं. इतक्या वर्षांनी, अशा जागी, नुसतं माझं नाव. मी झाकण उघडलं, बाटली तिच्या हातात दिली. तिचा हात कापत होता. पाणी तिच्या मांडीवर सांडलं आणि तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सुभद्रे, उखाणा घे."

"पिशवीतल्या पेशी आल्या," ती म्हणाली. "आल्या. पेशी आल्या. आल्या." मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं माझ्यापर्यंत आलं नाही. "किसन, आल्या."

रशीदभाऊंचं हसू गेलेलं. त्यांनी काही न विचारता गाडी वळवली.

उर्से

जुन्या रस्त्यानं न जाता त्यांनी एक्स्प्रेसवे धरला. मी हिचा हात धरून बसलो, फोनवर मॅडमना सांगितलं, "मॅडम, हिनं माझं नाव घेतलं." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरं मग? मॅडम म्हणाल्या, "उखाण्यात?"

"नाही. नुसतं."

"या. मी खाली उभी राहते."

उर्स्याच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग. मला वाटलं, तासाभराचं अंतर मी इथंच गमावणार. दरीचा हट्ट मी पुरवला, मीच तिला लांब आणलं. रशीदभाऊंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि केबिनमधल्या माणसाला हाका घातल्या, "ए दादा! पेशंट हाय! डोक्याचा पेशंट हाय, सोड!" कोणीतरी कडेचा अडथळा ओढला, पुढच्या मोटारवाल्यानं गाडी बाजूला घेतली. त्या दोघांची तोंडं मला आठवत नाहीत, पण त्यांच्या नावानं मी अजून हात जोडतो.

मॅडम खरंच खाली उभ्या होत्या. स्ट्रेचर आत गेलं. हे औषध सुरू, ते मशीन, मेंदूचा फोटो. उशिरानं होतं असं कधी कधी, मॅडम म्हणाल्या, पण सुरुवातीलाच सापडलं. पुढचं औषध आणि तिची ताकद ठरवेल.

मी बाहेर पायरीवर बसलो. रशीदभाऊ गेले नव्हते. सूर्य डोंगरामागं गेला तसं त्यांनी घड्याळ बघितलं, आणि मला आठवलं, हा माणूस दिवसभर उपाशी गाडी चालवतोय. माझ्या पिशवीत पाणी होतं आणि चिक्कीचं पाकीट.

"खजूर नाही," मी म्हणालो.

"चिक्की चालती." त्यांनी तुकडा हातात घेतला, ओठ हलवले, तोंडात टाकला. मग म्हणाले, "भाऊ, मी तर पार्टी मागितली. हसलो."

"मीही खूश झालो होतो."

दोघांनी बसून चिक्की खाल्ली. दातात गूळ चिकटत होता.

परत तळेगाव

पुढचे दिवस ही मला नावानं हाक मारत होती. किसन, खिडकी लाव. किसन, गाय सोड. माझ्या आईनंच एवढ्यांदा माझं नाव घेतलं असेल. आणि प्रत्येक वेळी मी मनात म्हणायचो, नको घेऊ बाई. मॅडम सकाळ-संध्याकाळ यायच्या, विचारायच्या, "हे कोण?" ती चटकन सांगायची, "किसन." त्या मान हलवून औषध बघायच्या. बाहेरच्या नातेवाइकांना वाटायचं, किती छान, ओळखते की! मी कोणाला काय सांगणार?

एका सकाळी मी खाटेजवळच्या स्टुलावर बसूनच डुलकी घेत होतो. भाभींनी पाठवलेली पेज झाकून ठेवलेली. कानावर आवाज आला. टण, टण, टण. मला वाटलं, चक्कीवरच आहे. डोळे उघडले तर ही चमचा घेऊन खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवत होती.

"अवो," ती म्हणाली. "किती झोपता? मले भूक लागली."

मी सिस्टरांना हाक मारली. सिस्टर धावल्या, मॅडम आल्या. गाव विचारलं, महिना विचारला, पेन दाखवलं. मग नेहमीसारखं माझ्याकडं बोट केलं. "हे कोण?"

"आमचे हे."

"नाव?"

हिनं मान खाली घातली. मॅडमनी परत विचारलं. हिनं पदर ओढला.

मॅडम तिथंच, खाटेच्या कडेवर बसल्या. चष्मा काढून पुसला. "लिहा," सिस्टरांना म्हणाल्या, "नाव सांगत नाही. प्रकृती उत्तम."

निघायच्या आधी मशिनीत घालून हिच्या सगळ्या अंगाचा मोठा फोटो काढला. गाठी दिसत नाहीत, मॅडम म्हणाल्या, आज दिसत नाहीत एवढंच मी म्हणते, दर काही महिन्यांनी येत राहा. जुलेखाभाभींनी इंद्रायणीची पिशवी बांधून दिली आणि मोगऱ्याच्या कुंड्या परत दारात आणून ठेवल्या. रशीदभाऊंनी स्टेशनवर सोडताना चिक्कीचं एक पाकीट माझ्या खिशात कोंबलं.

मॅडमचा फोन येतो. ताप, भूक, झोप विचारून झालं की शेवटी विचारतात, "नाव घेतलं का?"

"नाही मॅडम."

"छान."

हे लिहिता लिहिता उन्हं डोक्यावर आली. चक्कीवर दळण संपत आलंय. मागच्या दारी पत्र्यावर उलथनं वाजतंय, जरा जोरातच. उशीर झालेला दिसतो. थोडा वेळ वाजू देतो, मग उठतो.